संग्रह आणि संघ : नालंदेच्या ग्रंथालयाविषयीच्या आपल्या बोलण्याची चिकित्सा

नालंदा महाविहाराचा उल्लेख आला की आपल्याकडील वक्त्यांचा स्वर बदलतो. रत्नसागर, रत्नोदधी आणि रत्नरंजक ही तीन ग्रंथागारांची नावे घेतली जातात. त्यांपैकी एक नऊ मजली होते, हे सांगितले जाते. आणि अखेरीस ती सहा महिने जळत होती, हे वाक्य येते. श्रोते हळहळतात. वर्षावासातील प्रवचनांत, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व्याख्यानांत आणि आमच्यासारख्यांच्या लेखांतही हा क्रम इतका ठरून गेला आहे की, यातील कोणत्या विधानाला कोणता आधार आहे, हे विचारणेही औचित्यभंगाचे वाटावे. आम्ही स्वतः हे वाक्य व्यासपीठावरून एकाहून अधिक वेळा उच्चारले आहे. तेव्हा चिकित्सेचा आरंभ स्वतःपासून करणे प्राप्त आहे.

तीन ग्रंथागारांची नावे आणि नऊ मजले ही माहिती तिबेटी इतिहासग्रंथांतून आलेली आहे. हे ग्रंथ नालंदेच्या अस्तानंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले. ग्रंथागारांना आग लागली असे ते सांगतात खरे; परंतु ती दोन तीर्थिक भिक्षुकांनी लावली, अशी त्यांतील कथा आहे. उलटपक्षी बख्तियार खल्जीच्या स्वारीची हकीगत ज्या ‘तबकात-इ-नासिरी’त आहे, तो मिनहाज-इ-सिराजचा ग्रंथ इ.स. १२६० च्या सुमारास पुरा झाला. त्यात वर्णन आहे ते बिहारच्या किल्ल्याचे. आणि तो किल्ला म्हणजे ओदंतपुरी महाविहार होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नालंदेचे नाव तेथे नाही आणि सहा महिन्यांची आगही नाही. आपल्या वक्त्यांपैकी एकाला आग लावणारा तुर्क हवा असतो, दुसऱ्याला ब्राह्मण हवा असतो. दोघेही आपापल्या सोयीचा अर्धा आधार उचलतात आणि उरलेला अर्धा सोडून देतात. विध्वंस झालाच नाही, असे आमचे म्हणणे नाही. विहार उद्ध्वस्त झाले, भिक्षूंची कत्तल झाली, हे मिनहाजच सांगतो. परंतु ज्या आगीच्या ज्वाळा आपण दर वर्षी सभेत पेटवितो, तिच्यामुळे त्या हकीगतीतील अधिक भयंकर गोष्ट आपल्या नजरेआड झाली आहे.

ती गोष्ट अशी. विजेत्यांना त्या ठिकाणी पुष्कळ ग्रंथ सापडले. त्यांत काय आहे हे जाणण्यासाठी त्यांनी माणसे शोधली. पण सांगणारे कोणी उरलेच नव्हते, सर्व मारले गेले होते. म्हणजे मिनहाजच्या या हकीगतीत ग्रंथ शाबूत आहेत आणि वाचणारा मात्र नाही.

दुसरी साक्ष एका बौद्ध प्रवाशाची आहे. धर्मस्वामी या नावाने ओळखला जाणारा तिबेटी भिक्षू इ.स. १२३४ ते १२३६ या काळात मगधात होता. बख्तियारच्या स्वारीस तेव्हा तीस-पस्तीस वर्षे उलटून गेली होती. नालंदा पुरती मोडकळीस आली होती. तरीही नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र नावाचे आचार्य तेथे सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. पुन्हा सैनिक येत असल्याची वार्ता आली तेव्हा इतर विद्यार्थी पांगले. धर्मस्वामीने वृद्ध आचार्यांना पाठीवर घेतले आणि जवळच्या एका देवालयात नेऊन लपविले. त्याने पोथ्यांचे ओझे उचलल्याचा उल्लेख नाही. ज्याच्या ठायी पोथ्यांचा अर्थ होता, त्या माणसाला त्याने उचलले. नालंदेचे चित्र विहाराच्या भिंतीवर काढावयाचेच असेल, तर नऊ मजल्यांच्या इमारतीऐवजी हे काढावे, असे आम्हांस वाटते.

ग्रंथसंग्रह आणि तो वाचणारा, समजणारा, दुसऱ्याला सांगणारा समुदाय यांचा संबंध काय, हा प्रश्न येथून उभा राहतो. आज जगातील बहुतेक बौद्ध वाङ्मय विद्युत् यंत्रांवर चढले आहे. एके काळी एका विहाराला न परवडणारा संग्रह आता खिशातील फोनमध्ये मावतो. अशा वेळी प्राचीन बौद्धांनी ज्ञान कसे राखले, ते कशामुळे राहिले आणि कशामुळे गेले, याचा विचार हळहळ बाजूला ठेवून केला पाहिजे.

आरंभीच्या काही शतकांत बौद्धांकडे ग्रंथालय नव्हते, कारण ग्रंथच नव्हते. बुद्धवचन मुखोद्गत होते. दीघनिकाय राखणारे भाणक वेगळे, मज्झिमनिकाय राखणारे वेगळे. भारहूत आणि सांची येथील शिलालेखांत भाणक, पेटकी, पंचनेकायिक अशा उपाध्या येतात. सांचीला तर ‘सुतातिकिनी’, म्हणजे सुत्तान्त जाणणारी स्त्री, हा शब्दही कोरलेला आहे. आपल्या महाराष्ट्रात कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय निकायातील सातिमित नावाच्या भाणकाच्या दानाचा लेख आहे. कार्ल्याला सहलीने जाणारे आपले लोक स्तंभांवरील हत्ती पाहून परततात. त्या स्तंभांपैकी एक अशा माणसाचे दान आहे, ज्याचा व्यवसायच मुळी स्मरण हा होता, हे त्यांना कोणी सांगत नाही.

या मौखिक व्यवस्थेचा कणा कोणता होता, हे विनयपिटकातील महावग्गात दिसते. वर्षावासात भिक्षूने आपला आवास सोडू नये, हा नियम कडक होता. त्याला काही अपवाद ठेवले गेले. एखाद्या उपासकाला एखादे सुत्त येत असेल आणि ते नष्ट होण्यापूर्वी भन्तेंनी येऊन शिकून घ्यावे, असा निरोप त्याने पाठविला, तर भिक्षूने सात दिवसांच्या मर्यादेत जावे, अशी तेथे अनुज्ञा आहे. उपासिकेने निरोप पाठविला तरी तीच अनुज्ञा आहे. या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. एखादे सुत्त एका गृहिणीच्या स्मरणात आहे आणि संघाला ते येत नाही, ही शक्यता विनयाने गृहीत धरलेली आहे. ती लपविण्याजोगी किंवा लाजिरवाणी गोष्ट मानलेली नाही. तिच्याकडे जाऊन, तिच्यासमोर बसून ते शिकून घेणे, हे वर्षावासापेक्षाही निकडीचे मानले आहे. त्याच काळात या देशातील दुसरी एक मौखिक परंपरा वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत वितळलेला धातू ओतण्याचा दंड सांगत होती. गौतमधर्मसूत्रात तो नमूद आहे. पाठांतराचे तंत्र दोन्हींकडे होते. अंतर होते ते कोणी ऐकावे आणि कोणी सांगावे, यात.

बैराट येथे सापडलेल्या लेखात सम्राट अशोकाने सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत आणि ते भिक्षू-भिक्षुणींनी वारंवार ऐकावेत व मनात धरावेत, उपासक-उपासिकांनीही तसेच करावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. एका साम्राज्याच्या अधिपतीला संपूर्ण संग्रह करून ठेवण्याची आज्ञा देता आली असती. त्याने निवडक सात दिले, आणि ते कोणी ऐकावयाचे तेही सांगितले.

ही व्यवस्था निर्धोक होती, असा आव आणण्याचे कारण नाही. सिंहलद्वीपात मोठा दुष्काळ पडला तेव्हा तिच्या मर्यादा उघड झाल्या. अट्ठकथांत या काळाच्या दोन आठवणी राहिल्या आहेत. एका आठवणीत समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलेले साठ भिक्षू कंदमुळे आणि पाने खाऊन जगतात. शरीरात बळ असेपर्यंत ते बसून पाठ म्हणतात. बसणेही अशक्य झाले तेव्हा वाळूचा उंचवटा करून त्यावर सर्वांची डोकी एकत्र टेकवितात आणि निजल्या निजल्या पाठाची उजळणी करतात. भारतात गेलेले भिक्षू दुष्काळ संपल्यावर परतले तेव्हा दोघांचे पाठ ताडून पाहिले गेले आणि ते जुळले. दुसरी आठवण इतकी उदात्त नाही. महानिद्देस हा ग्रंथ केवळ एका भिक्षूच्या मुखी उरला होता, आणि तो भिक्षू दुराचारी होता. त्याच्याकडून शिकण्यास महारक्खित थेरांनी आरंभी नकार दिला. आचार्यांच्या आग्रहावरून ते शिकले, म्हणून ग्रंथ वाचला. परंपरेने ही दुसरी आठवण पुसून टाकली नाही, याचे आम्हांस विशेष मोल वाटते. ज्ञानाचा धारक सच्छील असतोच, असा भाबडा समज त्या लोकांचा नव्हता.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, त्रिपिटक लिपिबद्ध झाले ते या पार्श्वभूमीवर. परंपरेने ते स्थान मातलेजवळील अलुविहार हे सांगितले आहे. लेखन आले ते भयातून आले. वैभवाचे प्रदर्शन म्हणून आले नाही. लेखनाने एका गळ्यावरचे अवलंबन संपविले, हा त्याचा लाभ. मात्र ग्रंथ कपाटात आहे म्हणजे तो आपल्याला येतो, ही समजूतही त्याच दिवशी जन्मास आली असावी.

नालंदेकडे पुन्हा वळू. ह्युएन त्संग सातव्या शतकात तेथे राहिला. तो सांगतो की, द्वारावरचे पंडित कठीण प्रश्न विचारीत आणि बाहेरून येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जण परत फिरत. हे सांगताना आपले वक्ते अभिमानाने मान उंचावतात. आम्हांस मात्र येथे थांबून विचार करावासा वाटतो. जन्माच्या आधारे प्रवेश नाकारणे आणि विद्येच्या आधारे नाकारणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, यात शंका नाही. तथापि सुत्त जाणणाऱ्या उपासिकेकडे भिक्षूने जावे, असे सांगणारा संघ आणि दहांतील सातांना दारातून परत पाठविणारा विहार यांच्यामध्ये काहीतरी बदलले होते, हे कबूल केले पाहिजे. विद्या उंच झाली, सूक्ष्म झाली. धर्मकीर्तीच्या तोडीचा तर्क जगात थोड्या ठिकाणी झाला असेल. परंतु ती विद्या मोजक्या महाविहारांत एकवटली. राजे दाने देत तोवर विहार चालले. विहार पडले तेव्हा आसपासच्या गावांत ते वाङ्मय घरोघरी जपणारा उपासक उरलेला नव्हता. ब्राह्मणांनी वेद जन्माच्या कुंपणात कोंडले, हा त्यांचा अपराध. पण ते हजारो घरांत विखुरलेले होते, म्हणून एखादे तीर्थक्षेत्र उद्ध्वस्त झाल्याने ते नष्ट झाले नाहीत. बौद्धांनी विद्या सर्वांना खुली ठेवली आणि तिचे घर मात्र एकच केले. हे वाचताना आपल्यापैकी काहींना वेदना होतील. लिहिताना आम्हांसही झाल्या.

या मताला पुरावा आहे. नालंदेतून जे बाहेर गेले ते टिकले. ह्युएन त्संग इ.स. ६४५ मध्ये चांग-आन येथे परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. वाटेत सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या वाहून गेल्या. पुढे चीनमधून नालंदेतील परिचित आचार्यांना लिहिलेल्या पत्रात त्याने त्या हरवलेल्या ग्रंथांची यादी देऊन नव्या प्रती मागितल्या. प्रत दुसरीकडे असेल तर नदीत बुडालेली पोथी परत मिळू शकते, हे ज्ञानसंग्रहाचे सर्वांत साधे सूत्र त्या पत्रात आहे. पाल राजांच्या काळात नालंदेत लिहिलेल्या अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेच्या ताडपत्री पोथ्या आजही आहेत. रामपालाच्या राज्यकाळातील एक ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. ज्या पोथ्या तेथेच राहिल्या, त्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत.

संस्कृत बौद्ध वाङ्मय मूळ भाषेत राहिले, त्याचे मोठे श्रेय नेपाळ खोऱ्यातील नेवार बौद्धांना जाते. तेथील वज्राचार्य आणि शाक्य हे गृहस्थ आहेत. त्यांनी पोथ्या घरांत आणि बहालांत राखल्या, जीर्ण झाल्या की नव्या उतरविल्या. एकोणिसाव्या शतकात काठमांडूतील ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन याला पाटणच्या अमृतानंद पंडितांनी या ग्रंथांची ओळख करून दिली; हॉजसनने त्या कलकत्ता, लंडन आणि पॅरिसला पाठविल्या; त्यांच्या आधारे युजीन बुर्नूफने १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. नेवार समाजातही जातींची उतरंड शिरली होती, हे विसरता येत नाही. तरी जे काम नऊ मजली ग्रंथागाराने केले नाही, ते नेपाळमधील संसारी माणसांनी केले.

ग्रंथ जाळणारे हात नेहमी परक्यांचेच असतात, असेही नाही. १९८१ साली श्रीलंकेतील जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि दुर्मीळ तमिळ हस्तलिखिते भस्मसात झाली. जाळणाऱ्या जमावात बहुसंख्याक बौद्ध समाजातील लोक होते आणि पोलीसही होते. ज्या द्वीपात बुद्धवचन वाळूवर डोके टेकवून राखले गेले, तेथेच हे घडले. नालंदेसाठी अश्रू ढाळणाऱ्या आमच्या नियतकालिकांत जाफन्याविषयी किती लिहिले गेले, याचा शोध वाचकांनी अवश्य घ्यावा. कोणी म्हणेल, १९२७ साली महाडला आपणही ग्रंथ जाळला. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती तिचा अंमल नाकारण्यासाठी, उघड सभेत, कारणे सांगून; तिच्या प्रती जगातून नाहीशा करण्यासाठी नव्हे. मनुस्मृतीचा अभ्यास त्यांनी त्या आधीही केला आणि नंतरही. शत्रूचा ग्रंथ वाचता यावा म्हणून तो राखणे, हीसुद्धा ग्रंथालयाची एक जबाबदारी आहे.

आता आधुनिक संग्रहांविषयी. त्यांचे उपकार मोठे आहेत आणि ते मोकळेपणाने मानले पाहिजेत. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले आणि लुप्त मानल्या गेलेल्या संस्कृत ग्रंथांचा त्यांनी शोध लावला. धर्मकीर्तीचे प्रमाणवार्तिक मूळ संस्कृतात भारताला परत मिळाले ते त्यांच्यामुळे. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नव नालंदा महाविहाराने पालि त्रिपिटक देवनागरी लिपीत ४१ खंडांत छापले. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला झालेल्या छट्ठ संगायनाचा पाठ आमच्याच इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात संगणकाच्या तबकडीवर आणला. आता तो देवनागरीसह अनेक लिप्यांत कोणालाही विनामूल्य पाहता येतो. तुन-हुआंगच्या गुहेत १९०० साली सापडलेली हस्तलिखिते लंडन, पॅरिस, बीजिंग आणि सेंट पीटर्सबर्ग येथे विखुरली होती. १९९४ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पामुळे त्यांचे तुकडे पडद्यावर पुन्हा शेजारी आले. जीन स्मिथ या अमेरिकन विद्वानाने १९९९ साली उभारलेल्या संस्थेमुळे तिबेटी ग्रंथांची लाखो पाने निर्वासितांच्या वस्तीतही उघडता येतात. एक शब्द लिहिला की तो संपूर्ण त्रिपिटकात कोठे कोठे आला, हे क्षणात कळते. या सोयीसाठी एखाद्या भाणकाने आपले आयुष्य ओवाळून टाकले असते.

परंतु या संग्रहांनाही दारे आहेत आणि द्वारपंडितही आहेत. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचा दावा असा की, तेथे कोणीही लिहू शकतो. ते खरे आहे. मात्र लिहिलेल्याला प्रकाशित, विश्वसनीय मानला जाणारा संदर्भ लागतो. हा नियम अविवेकी नाही. त्याच्याविना कोश म्हणजे अफवांचा बाजार होईल. पण ज्यांना शतकानुशतके छापखान्याच्या जवळ येऊ दिले नाही, त्यांचे काय? आंबेडकरी जलशांत गायिले गेलेले कितीतरी गीत-संवाद कागदावर आलेच नाहीत. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी पुस्तकांत येण्यापूर्वी गायकांच्या गळ्यांत आणि वस्त्यांच्या स्मरणात होती. आजही त्यांतील पाठभेद मिटविण्यासाठी जाणत्या गायकाकडेच जावे लागते. कार्ल्याच्या सातिमिताचे खरे वारस हे लोक आहेत. कोशाचा नियम त्यांच्यापाशी संदर्भ मागतो. विनयाचा नियम भिक्षूला त्यांच्या दारी जावयास सांगतो.

अलीकडे आणखी एक प्रकार आला आहे. अफाट मजकुरावर घडविलेली यंत्रे विचारलेल्या प्रश्नाला सरळ भाषेत उत्तर देतात. आमच्या वर्गातील विद्यार्थी प्रतीत्यसमुत्पादाची बारा अंगे आता त्यांनाच विचारतात, आणि उत्तर बहुधा बरोबर येते. आमचा आक्षेप चुकीच्या उत्तराला नाही. चूक प्राचार्यही करतात. महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेश सांगितले आहेत. कोणी म्हणाले की, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, किंवा अमुक संघाकडून, किंवा बहुश्रुत थेरांकडून, किंवा एका थेराकडून, तर त्याचे एकदम अभिनंदन करू नये आणि एकदम धिक्कारही करू नये. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे. या कसोटीची पहिली अट अशी की, बोलणाऱ्याने कोणाकडून ऐकले हे सांगितले पाहिजे. यंत्राने असंख्य लोकांकडून ऐकलेले असते आणि एकाचेही नाव त्याला खात्रीने सांगता येत नाही. शिवाय ज्या भाषांत मजकूर भरपूर, त्या भाषांतील समजुती ते अधिक ऐकते. मराठी बौद्धांनी स्वतःविषयी मराठीत जे लिहिले, त्याचा मोठा भाग जुन्या अंकांत आणि स्मरणिकांत पडून आहे. तो कोणी उघडला नाही, तर आमच्याविषयीचे उत्तर दुसऱ्यांच्या शब्दांत तयार होईल आणि आमची मुले तेच पाठ करतील.

येथे बाबासाहेबांचे एक मत आठवते. राजगृह उभारताना ज्यांनी प्रथम ग्रंथांच्या जागेचा विचार केला, त्या ग्रंथवेड्या पुरुषाने १९५० साली महाबोधी सभेच्या मासिकातील लेखात बौद्ध वाङ्मयाची विपुलता ही अडचण म्हणून नोंदविली. एवढा अफाट साठा सामान्य माणूस वाचू शकणार नाही. त्याला हातात धरता येईल असा एक ग्रंथ हवा, असे त्यांचे म्हणणे होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झालेला ग्रंथ त्या गरजेतून आला. पालि पंडितांनी त्यातील निवडीवर आक्षेप घेतले, आणि काही आक्षेप विचारार्ह आहेत. पण अशोकाने सात धम्मपर्याय निवडले होते, हे त्या पंडितांना सहसा आठवत नाही.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनाचे काय झाले? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून इंग्रजी खंड काढले. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १९८७ च्या चौथ्या खंडातील राम-कृष्णांविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठले. १९८८ च्या आरंभी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला आणि शासनाची असहमती नोंदविणाऱ्या टिपेसह ते परिशिष्ट कायम राहिले. त्या मोर्चातील बहुसंख्य लोकांनी तो खंड वाचलेला नव्हता. पुष्कळांना वाचता येत नव्हते. तरी त्यांनी तो राखला. सात दिवसांच्या अनुज्ञेतील उपासिकेचे ते बळ होते. पुढे २०२१ साली या खंडांच्या छपाईतील दिरंगाईची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मोर्चात चाललेल्यांच्या नातवंडांपैकी किती जणांनी ते परिशिष्ट उघडून पाहिले आहे, हे आम्हांस विचारावेसे वाटते. त्यांच्याजवळ आता तो ग्रंथ आहे, अक्षरओळख आहे आणि फोनही आहे.

मागील वर्षावासात एका विहारात आमचे पाच दिवस प्रवचन होते. सभागृहात काचेच्या कपाटात देवनागरी त्रिपिटकाचे खंड ओळीने लावलेले होते. आम्ही एक खंड मागितला तेव्हा कपाटाला कुलूप असल्याचे आणि किल्ली कोषाध्यक्षांकडे असल्याचे कळले. कोषाध्यक्ष गावाला गेले होते. सायंकाळी वंदना झाली. सर्वांच्या हातांत पाठाची छापील पुस्तिका होती. समोर बसलेल्या एका वृद्ध उपासिकेच्या हातात मात्र काही नव्हते. मेत्तसुत्त चालू असताना त्या एका शब्दावर थांबल्या, कारण बाकी सर्वजण वेगळे म्हणाले. नंतर त्या आम्हांस म्हणाल्या, “भन्तेंनी आम्हाला साली छप्पन्नच्या नंतर शिकवलं ते असं नव्हतं, गुरुजी. पुस्तक बघा एकदा.” आम्ही फोनवर छट्ठ संगायनाचा पाठ काढून पाहिला. त्यांचे बरोबर होते. पुस्तिकेत एक अक्षर चुकले होते आणि अर्थ बदलला होता. आम्ही पेन्सिलीने आमच्या प्रतीत दुरुस्ती केली. विहारात अशा आणखी चाळीस-पन्नास प्रती होत्या. पुस्तिकेच्या अखेरच्या पानावर मुद्रितशोधक म्हणून आमचेच नाव छापलेले आहे.